पाहुणी म्हणून राहिली तर भाषा येणार नाही: ब्राझीलला निघालेल्या लेकीच्या आईला उत्तर

पाचोऱ्याच्या एका ताईंनी विचारलं आहे: लेक १६ वर्षांची आहे, दहावी झाली आहे. रोटरीच्या विद्यार्थी आदानप्रदान कार्यक्रमातून ती ऑगस्टमध्ये ब्राझीलला निघाली आहे, पुढच्या जून-जुलैत परतेल. घर शाकाहारी, पोर्तुगीजचा गंध नाही. तिथला रोजचा दिवस कसा असतो, ती खाईल काय, भाषा कशी आणि कधी येईल, शाळेचं वर्ष वाया जाईल का, आणि आम्ही रोज फोन करायचा की नाही?

ताई, भाषेचं आधी सांगते, कारण बाकीची निम्मी उत्तरं त्यातूनच निघतात. भाषा येईल. घरात आजीची अहिराणी, शाळेत मराठी, बाजारात हिंदी आणि पुस्तकात इंग्रजी असं ऐकत वाढलेल्या मुलीला आणखी एक भाषा जड नाही. पण ती कधी येईल हे हुशारीवर ठरत नाही, आणि इथे लावलेल्या क्लासवरही फारसं ठरत नाही. त्या घरात ती पाहुणी म्हणून राहते की घरातली पोर म्हणून, यावर ते ठरतं. खान्देशातून अशी बाहेर जाणारी मुलं मी बरीच वर्षं तयार करते आहे. तिकडे गेल्यावरही त्यांच्याशी आणि त्यांच्या आईवडिलांशी माझं बोलणं चालू असतं. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात अडकून बसतात ती बहुतेक वेळा वर्गातली गुणी, शांत, कुणाला त्रास न देणारी मुलं असतात.

यात मुलांचा दोष नाही. आपण त्यांना तसंच वाढवलेलं असतं. दुसऱ्याच्या घरी गेलं की पुढ्यात येईल ते खावं, फ्रिजला हात लावू नये, मोठी माणसं बोलत असली की गप्प बसावं, आणि कुणी वाढायला आलं की दोनदा ‘नको’ म्हणावं. वाढणारी बाई तिसऱ्यांदा वाढणारच, हे आपल्याकडे दोघींनाही ठाऊक असतं. ब्राझीलच्या घरात हा तिसरा आग्रह होत नाही. एकदा ‘नाँउ, ओब्रिगादा’ (नको, धन्यवाद) म्हटलं की तिथली आई त्या शब्दाचा मान ठेवते आणि भांडं उचलते. पोरगी अर्धपोटी झोपते आणि फोनवर सांगते, ‘इथे कुणी विचारतच नाही गं.’ विचारलेलं असतं. म्हणून निघण्याआधी तिच्या तोंडात पक्कं बसवा: हवं असेल तर पहिल्याच वेळी ‘केरु, सीं’, म्हणजे ‘हो, हवंय.’ आणि भूक लागली की आपल्या हाताने पोळी... म्हणजे तिथे पाव, काढून घ्यायचा. पहिल्या आठवड्यातच यजमान आई तिला घर दाखवताना फ्रिज उघडून दाखवेल. तो शिष्टाचार म्हणून नसतो, त्या बाईच्या मनात खरंच तसंच असतं.

आता याचा भाषेशी संबंध काय? शिकणाऱ्याला तेच वाक्य, त्याच वेळी, हातात ती वस्तू असताना रोज ऐकायला मिळालं की ते पाठ करावं लागत नाही. हे फक्त घरकामात होतं. जेवण झाल्यावर ताटं आवरताना रोज ‘ओंजी एउ ग्वार्दु इसु?’ (हे कुठे ठेवू?) विचारणाऱ्या मुलीला कपाट, खण, वरचं, खालचं, मोठं, छोटं, ओलं, कोरडं हे सगळं पंधरा दिवसांत येतं, आणि त्याबरोबर आज्ञार्थही येतो. खोलीत बसून ॲपवर धडे सोडवणाऱ्या मुलीला ‘सफरचंद लाल आहे’ येतं. म्हणून मी प्रत्येक मुलाला सांगते की पहिल्या रविवारच्या आत घरातलं एक काम मागून घ्या आणि ते शेवटपर्यंत सोडू नका. कुत्र्याला फिरवणं, भांडी धुणं, दोरीवरचे कपडे काढणं, काहीही चालेल. ‘पॉसु आझुदार?’ म्हणजे ‘मदत करू का?’ विमानात बसण्याआधी हे वाक्य तिला झोपेतही म्हणता आलं पाहिजे.

सगळ्यांत चांगलं काम म्हणजे पाव आणणं. ब्राझीलमध्ये कोपऱ्याकोपऱ्यावर पादारिया म्हणजे बेकरी असते आणि बहुतेक घरांत सकाळी किंवा संध्याकाळी ताजा पाव येतो. घर आणि परिसर सुरक्षित असेल, यजमान हो म्हणत असतील, तर ही फेरी तिने आपल्याकडे घ्यावी. पाच वाक्यं, रोज तीच बाई, मागे रांग. त्या बाईला हिच्याशी इंग्रजी बोलता येत नसतं हे फार चांगलं. ‘पाँउ’ म्हणताना आवाज नाकातून निघाला पाहिजे. नाहीतर शब्द काठीचा होतो आणि मागची पोरं हसतात. हसू द्यावं. चौथ्या दिवशी तो शब्द बरोबर येतो.

इथून निघायला तुमच्या हातात जे महिने आहेत त्यात व्याकरणाचं जाडं पुस्तक संपवायला लावू नका. कान तयार करा. ब्राझिलियन पोर्तुगीज लिहिल्यासारखी वाचली जात नाही. इंग्रजी माध्यमाच्या सवयीने रोमन अक्षरं वाचली की उच्चार चुकतो. मी मुलांना वही देवनागरीत लिहायला लावते. शब्दाच्या सुरुवातीचा ‘र’ आणि मधला दुहेरी ‘र’ बहुतेक ठिकाणी ‘ह’सारखा निघतो: तांदूळ म्हणजे ‘आहोस’, रस्ता म्हणजे ‘हुआ’. कारु म्हणजे महाग आणि काहु म्हणजे गाडी. शेवटच्या ‘ल’चा ‘उ’ होतो, म्हणून ती माणसं स्वतःच्या देशाला ‘ब्राझिउ’ म्हणतात आणि आपण पेपरात ज्याला रियाल लिहितो त्या चलनाला ‘हेआउ’. देशाच्या बऱ्याच भागात ‘ति’चा ‘चि’ आणि ‘दि’चा ‘जि’ होतो, म्हणून सकाळचा नमस्कार ‘बों जीआ’. ईशान्येकडच्या काही राज्यांत तसं होत नाही. लेकीला कुठलं शहर मिळालं आहे ते कळलं की तिथल्याच लोकांचं बोलणं रोज ऐकवा.

मराठीचा फायदा मोठा आहे आणि मुलांना तो कुणी सांगत नाही. ‘मी जातो, मी जाते’ म्हणणाऱ्या मुलीला ‘ओब्रिगादु’ मुलाने म्हणायचं आणि ‘ओब्रिगादा’ मुलीने, हे नवीन नाही. वस्तूंना लिंग असतं याचंही तिला आश्चर्य वाटत नाही; फक्त प्रत्येक नाम त्याच्या आधीच्या ‘उं’ किंवा ‘उमा’सकट पाठ करायचं. ल्य आणि न्य हे उच्चार आपल्या जिभेवर आहेतच. अवघड जातं ते उघड्या आणि मिटल्या ‘ओ’चं. आजोबा ‘आव्हो’ आणि आजी ‘आव्हॉ’. यजमान घरात दोघेही एकाच टेबलावर बसलेले असतात तेव्हा हा फरक कामाला येतो. मोठ्या, अनोळखी माणसाला ‘व्होसे’ऐवजी ‘उ सेन्योर’, बाईंना ‘आ सेन्योरा’ म्हटलेलं कुणालाही आवडतं. तुम्ही-तूचा भेद जपणाऱ्या घरातल्या मुलीला ते सांभाळणं कठीण नाही.

चावी, साबण, बटाटा, कोबी हे शब्द पोर्तुगीजांकडून आपल्याकडे आले, हे तुम्हाला दहा जण सांगतील. सांगू द्या, पहिल्या जेवणाला गप्पा मारायला बरं. पण माणूस बोलता होतो तो क्रियापदांनी. जाणं, येणं, असणं, हवं असणं, करणं, करता येणं, ठेवणं, आणणं, देणं, म्हणणं एवढ्या दहांची ‘मी’ आणि ‘तो/ती’ ही रूपं, वर्तमान आणि भूतकाळ, एवढं घेऊन ती गेली तरी पुरे. भविष्यकाळ शिकवूच नका; बोलताना ते ‘व्हो’ म्हणजे ‘जाते’ लावून काम भागवतात. ‘आम्ही’साठी पुस्तकात ‘नॉस’ असतं, पण घरात ऐकू येईल ‘आ जेंची’, आणि त्यापुढे क्रियापद एकवचनी. हे आधी माहीत नसेल तर पोर पहिला महिनाभर विचारात पडते की हा कोण जेंची नावाचा माणूस सगळीकडे जातो. ‘व्होसे एस्ता’चं ‘से ता’ होतं, ‘पारा’चं ‘प्रा’ होतं, आणि प्रत्येक दुसऱ्या वाक्याच्या शेवटी ‘ने?’ येतं, आपल्या ‘ना?’च्या जागी.

आता दिवस. ब्राझीलमधली बरीच शाळा अर्ध्या दिवसाची असते. सकाळचं सत्र साधारण ७ वाजता सुरू होतं आणि दुपारी बारा-साडेबाराला सुटतं. म्हणजे साडेपाच-सहाला उठणं. न्याहारी साधी: पाव, लोणी, दुधाची कॉफी, एखादं फळ. काही शाळा पूर्ण वेळेच्याही असतात. गणवेश म्हणजे बहुधा शाळेचा टीशर्ट आणि जीन्स. शिक्षकांना नावाने हाक मारतात किंवा नुसतं ‘प्रोफेसोर’, ‘प्रोफेसोरा’. वर्गात शिक्षिका आल्या की कुणी उठून उभं राहत नाही, उलट मुली जाऊन गळ्यात पडतात. आपल्या मुलांना पहिले काही दिवस हे पाहून बेचैन वाटतं. त्यात अनादर नाही, एवढं आधी सांगून ठेवा.

वर्गात पहिले दोन महिने काहीही कळणार नाही. गणित कळेल, कारण फळ्यावर दिसतं. फक्त तिथे दशांशाला स्वल्पविराम आणि हजाराला टिंब देतात, तेवढं लक्षात ठेवायचं. इतिहास, साहित्य डोक्यावरून जाईल. पूर्वी मुलं बाकाखाली फोन धरून भाषांतर करत बसायची. २०२५च्या जानेवारीत ब्राझीलने कायदा करून शाळांमध्ये विद्यार्थ्यांच्या फोन वापरावर बंधन आणलं, तासाला आणि मधल्या सुट्टीतही. शिक्षकाने शिकवण्यासाठी परवानगी दिली तर गोष्ट वेगळी. आपल्या मुलांसाठी मी या कायद्याचं मनापासून स्वागत करते. मधल्या सुट्टीत सगळीच मुलं आता बोलत बसतात, आणि इंतेरकांबिस्ता, म्हणजे आदानप्रदानाची पाहुणी विद्यार्थिनी, ही शाळेतली कुतूहलाची गोष्ट असते. पहिला आठवडा सगळे येऊन बोलतात, दुसऱ्या आठवड्यात येत नाहीत. तेव्हा तिने उठून जायचं असतं. तास चालू असताना फळ्यावरचं जसंच्या तसं उतरवून काढायचं, संध्याकाळी घरातल्या भावंडाला त्यातल्या तीन ओळी विचारायच्या. तीनच. वीस विचारल्या तर ते भावंड पुन्हा जवळ येत नाही.

शक्य असेल तर तिला तिसऱ्या वर्षाच्या वर्गात घालू नका असं क्लबला आधीच कळवा. ब्राझीलचं एन्सिनु मेजिउ तीन वर्षांचं असतं, आणि तिसऱ्या वर्षाची मुलं एनें नावाच्या राष्ट्रीय परीक्षेच्या आणि विद्यापीठ प्रवेश परीक्षांच्या मागे असतात. आपल्याकडच्या बारावीची आणि नीटची मुलं परदेशी पाहुणीशी जेवढं बोलतील तेवढंच ती बोलतात. दुसरं वर्ष सगळ्यांत बरं.

शाळा सुटली की दुपारचं जेवण, आणि ते दिवसातलं मुख्य जेवण. आता तुमच्या खऱ्या काळजीकडे येते.

भात आणि फेइझाँउ म्हणजे शिजवलेला घेवडा, हे जवळजवळ रोज असतं. बाजूला कोशिंबीर, कसावा नावाच्या कंदाच्या पिठाची परतलेली फारोफा, चिरून परतलेली कोवी नावाची हिरवी पालेभाजी, आणि मांस. घेवड्यात चवीला बेकन किंवा सॉसेज घालायची पद्धत फार आहे, आणि फारोफातही. दुसरी अडचण अशी की ‘कार्नी खात नाही’ एवढंच सांगितलं तर पुष्कळांना त्याचा अर्थ गाईचं-म्हशीचं मांस एवढाच वाटतो, आणि ते प्रेमाने कोंबडी किंवा हॅम वाढतात. म्हणून वाक्य पूर्ण पाठ असावं: ‘एउ सो व्हेझेतारियाना. नाँउ कोमु कार्नी, नें फ्रांगु, नें पेइशी, नें प्रेझुंतु.’ मांस, कोंबडी, मासे, हॅम यांतलं काहीच नाही. आणि घेवड्याबद्दल: बेकन घालायच्या आधी एक वाटी बाजूला काढून ठेवाल का, हे यजमान आईला पहिल्याच दिवशी विचारायचं, महिनाभराने नाही. पहिल्या दिवशी ती माहिती असते. महिनाभर गप्प राहून मग सांगितलं तर त्या बाईला वाटतं, इतके दिवस ही माझ्या हातचं नाइलाजाने खात होती.

अंड्यांचं तुम्ही घरी बसून आत्ताच ठरवा. केक, बिस्किटं, पाँउ जी केइझु नावाचे कसाव्याच्या पिठाचे आणि चीजचे गोळे, यांतल्या बहुतेकांत अंडं असतं. ‘पदार्थात असलेलं चालेल, नुसतं नको’ असा निर्णय बरीच घरं घेतात. काहीही घ्या, पण तिला तिकडे एकटीला ठरवायला लावू नका. शेवटी तिने काय खाल्लं याचा हिशेब नातेवाइकांनी परतल्यावर मागू नये, हेही तुम्हीच बघायचं.

बाहेर जेवायचं असेल तर ‘पोर कीलु’ म्हणजे वजनावर जेवण देणारी हॉटेलं शोधायची. पंचवीस पदार्थ मांडलेले असतात, हवं ते ताटात घ्यायचं आणि ताट काट्यावर ठेवायचं. शाकाहारी माणसाचे तिथे हाल होत नाहीत. केळी तर मुबलक: प्राता, नानिका, आणि तळायची दा तेहा. रावेर-यावलची केळी पाहत वाढलेल्या मुलीने यांतली चव ओळखून दाखवली की घरातले लोक तिला बाजारात बरोबर नेतात, आणि बाजार म्हणजे पुन्हा भाषा. उपवास करत असेल तर साबुदाणा ज्यापासून होतो तो कसावा मूळचा तिकडचाच आहे. तव्यावरची तापिओका सहज मिळते. एक मात्र सांभाळा: दक्षिणेत ‘सागु’ नावाचं गोड मिळतं, दाणे साबुदाण्याचेच असतात, पण ते लाल वाइनमध्ये शिजवलेलं असतं.

तिच्या बॅगेत लाडवांचे डबे भरू नका. दुधाचे पदार्थ, बिया, लेबल नसलेल्या घरगुती पिशव्या विमानतळावर अडू शकतात. काळ्या मसाल्याचं कंपनीचं बंद पाकीट द्या आणि त्यापेक्षा जास्त महत्त्वाचं म्हणजे तिला भरीत, खिचडी, आणि पोळी करता येईल असं बघा. वांगं तिथे बेरिंझेला म्हणून मिळतं, गॅसवर भाजता येतं. पहिल्यांदा करताना तिखट चौथाई. तिकडचं जेवण तिखट नसतं, आणि आपला ठेचा ज्या जोमाने आपण खातो त्या जोमाने त्यांना वाढला तर पुढच्या वेळी कुणी ताट पुढे करत नाही. ज्या दिवशी ती स्वयंपाक करते त्या दिवशी घरातली सगळी माणसं ओट्याभोवती उभी राहून तिला प्रश्न विचारतात आणि तिला उत्तरं द्यावीच लागतात. क्लासमध्ये मी असा तास कधीच घेऊ शकत नाही.

घरातल्या बारीक गोष्टी पटापट सांगते. आंघोळ रोज, उन्हाळ्यात दोनदाही. या बाबतीत ते आपल्याइतकेच काटेकोर आहेत. नळाच्या तोंडालाच विजेवर पाणी तापवणारा शॉवर असतो, चालू असताना त्याला हात लावायचा नाही. संडासात टाकलेला कागद पाइपात अडकतो म्हणून बऱ्याच घरांत तो शेजारच्या डब्यात टाकतात. पाण्याची छोटी नळी असते काही घरांत, सगळ्यांत नाही. दुपारच्या जेवणानंतर दात घासतात, शाळेत आणि ऑफिसातसुद्धा. प्लगचा आकार वेगळा असतो आणि व्होल्टेज कुठे १२७, कुठे २२०, म्हणून इथलं इस्त्री-ड्रायर काही देऊ नका. दक्षिणेत गेली तर जून-जुलैत चांगली थंडी असते आणि घरं तापवलेली नसतात, एक खरा स्वेटर हवा.

भेटल्यावर गालाला गाल लावून नमस्कार होतो, मुलामुलींतही, मोठ्यांशीही. साओ पाउलोत एकदा, रिओत दोनदा. तो स्पर्श आपल्याकडच्या हात जोडण्याच्या जागी आहे. समुद्रावर, पोहायला, उन्हात कपडे कमी असतात. तिचे असे फोटो इन्स्टाग्रामवर आले की अमळनेरच्या मावशीचा फोन तुम्हाला येईल. त्या फोनला काय उत्तर द्यायचं ते तुम्ही आणि तिचे वडील आजच एकमताने ठरवा. वर्षाच्या मध्यात तिथे घाबरलेली मुलगी भाषा शिकत नाही.

इथे एक गोष्ट कडकपणे सांगते. या कार्यक्रमाचे चार नियम सगळीकडे सारखे: गाडी चालवायची नाही, दारू नाही, अमली पदार्थ नाहीत, प्रेमप्रकरण नाही. मोडला तर परत पाठवतात. ते मुलांना माहीत असतं. मुलांना जे पुरेसं सांगितलं जात नाही ते हे की घरात, शाळेत, क्लबमध्ये कुणाच्याही वागण्याने अंगावर काटा आला, तर घरची पोर म्हणून राहायचं म्हणजे ते सहन करायचं असं अजिबात नाही. क्लबने नेमलेल्या समुपदेशकाचा आणि इथल्या जिल्हा समन्वयकाचा नंबर तिला पाठ पाहिजे, आणि घर बदलून मागायला कारण सिद्ध करावं लागत नाही. तसंही वर्षभरात दोन-तीन घरं बदलतातच. तुमच्या लेकीला एक वाक्य तुमच्या तोंडून ऐकू द्या: ‘काहीही झालं तर आधी मला सांग, मी तुला रागावणार नाही.’ आणि मग खरंच रागावू नका.

महिन्यांचा चढउतार साधारण असा असतो. ऑगस्टमध्ये उत्साह. सप्टेंबरच्या शेवटी डोकं दुखायला लागतं. दिवसभर परकी भाषा ऐकून मेंदू थकतो, संध्याकाळी आठला झोप येते. झोपू द्यावं. दिवाळी सगळ्यांत जड. तिथे तो शाळेचा साधा दिवस असतो, आणि इकडे घरात फराळ चाललेला ती फोनवर बघते. त्या आठवड्यात तिने घरात पणत्या लावाव्यात, शेजारपाजाऱ्यांना बोलवावं. एकटीने व्हिडिओ बघत बसू नये. डिसेंबर-जानेवारी मोठी सुट्टी, त्यांचा उन्हाळा. २४ डिसेंबरच्या रात्रीचं नाताळचं जेवण, आजोळ, चुलत-मावस भावंडांनी भरलेलं घर. माझ्या बहुतेक मुलांची जीभ याच सुट्टीत सुटते, कारण लहान भावंडं थांबत नाहीत, दया करत नाहीत आणि इंग्रजी बोलत नाहीत. फेब्रुवारीत नवं शैक्षणिक वर्ष सुरू होतं तेव्हा ती वर्गात विनोद कळून हसते. जूनमध्ये फेस्ता झुनिना येते: चौकड्यांचे शर्ट, शेकोट्या, क्वाद्रिल्या नाच, मक्याचे पदार्थ, शेंगदाणे कुटून केलेली पासॉका. तोवर ती स्वप्नातही पोर्तुगीज बोलत असते आणि परतायची वेळ झालेली असते. इच्छा असेल तर सेल्पी-ब्रास ही ब्राझील सरकारची पोर्तुगीज प्रावीण्य परीक्षा १६ वर्षं पूर्ण झाल्यावर देता येते. दिलीच पाहिजे असं नाही.

कागदपत्रांचं क्लब सांगेलच, मी तीनच गोष्टी बजावते. तात्पुरत्या व्हिसावर गेलेल्याने पोहोचल्यापासून ९० दिवसांच्या आत तिथल्या फेडरल पोलिसांकडे नोंदणी करायची असते. क्लबला आठवण करून देण्याचं काम तिचं. पिवळ्या तापाची लस सरकारमान्य केंद्रात निघण्याच्या किमान १० दिवस आधी घ्यायची आणि लस घेतल्याचं ते पिवळं पुस्तक पासपोर्टबरोबर जपायचं. येताना ते नसेल तर भारतात उतरल्यावर तिला ६ दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. आणि मोठ्या शहरात रस्त्यावर फोन हातात धरून चालायचं नाही. कुठे चालायचं, कुठे नाही, हे तिथल्या भावंडांना विचारायचं, नकाशाला नाही.

वर्ष वाया जाण्याबद्दल स्पष्ट बोलते. तिथल्या शाळेच्या हजेरीने आपल्याकडची अकरावी झाली असं धरून चालू नका. तिने एक वर्ष उशिरा अकरावी करायची, असंच मनात धरा आणि कॉलेजशी प्रवेशाचं लेखी बोलून ठेवा. नीट-जेईईची घाई असलेल्या घरांनी या वाटेला जाऊ नये असं माझं मत आहे, कारण तिथे मुलीच्या हातात फिजिक्सचं पुस्तक आणि कानात आईचा ताण, अशी दोन्हीकडची ओढाताण मी पाहिली आहे. एक वर्ष शांतपणे देता येत असेल तरच द्या.

राहिला फोन. ब्राझिलियाच्या घड्याळात आणि आपल्यात साडेआठ तासांचं अंतर आहे. ती रात्री आठला मोकळी होते तेव्हा पाचोऱ्यात पहाटेचे साडेचार असतात. तुम्ही रोज रात्री नऊला फोन कराल तर तिथे दुपारचे साडेबारा, म्हणजे शाळा सुटून सगळं घर जेवायला टेबलावर बसण्याची नेमकी वेळ. दिवसातली सगळ्यांत जास्त भाषा जिथे बोलली जाते, त्याच वेळी ती कानात वायर घालून मराठी बोलत बसते. असं एक महिना चाललं की ते घरही तिला बोलावणं सोडतं. पोहोचल्याचा पहिला आठवडा रोज बोला, तिला आणि तुम्हाला दोघींना ते लागतं. मग आठवड्यातून एकदा, रविवारी, तुमच्याकडे संध्याकाळी साडेसहा आणि तिच्याकडे सकाळी दहा. पोटभर बोला, आजीला बोलू द्या, यजमान आईलाही दोन मिनिटं पडद्यावर बोलवा. मध्ये कधी ती रडत फोन करेल तेव्हा उचला, ऐका, पण त्याच क्षणी तिकडच्या आईला किंवा क्लबला फोन लावू नका. दुसऱ्या दिवशी तिला विचारा की अजून तसंच वाटतंय का. अपवाद फक्त सुरक्षिततेचा, तिथे क्षणभर थांबायचं नाही. ही रविवारची वेळ तुम्ही आणि तिच्या वडिलांनी ठरवून तिला लिहून द्या. ठरवायचं तिच्यावर सोडलं तर ती रोज फोन करेल, कारण तुम्ही वाट बघत असाल असं तिला वाटत राहील.